कार्ड काढलं की बोर्ड चालू होत नाही: एसएसडीवरून बूट करताना नक्की अडतं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कागल तालुक्यातल्या एका गावातल्या दूध संस्थेत रास्पबेरी पाय ४ हा एका बोर्डाचा छोटा संगणक बसवलाय, ४ जीबीचा. काटा आणि फॅट मशीन त्याला जोडलंय. सकाळ-संध्याकाळच्या नोंदी त्यात जातात आणि दर दहा दिवसांचं बिल त्यावरूनच निघतं. वर्षभरात दोन मेमरी कार्डं गेली, म्हणून प्रश्नकर्त्यांनी २४० जीबीची साटा एसएसडी घेतली, यूएसबीच्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या डबीत, घातली आणि निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टाला लावली. तिच्यावर नवी सिस्टीम टाकली आणि मग जुन्या कार्डावरच्या सगळ्या फाइली कॉपी केल्या. आता कार्ड आत असलं की सगळं चालतं. कार्ड काढलं की कधी पडदा काळाच राहतो, तर कधी 'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' एवढी ओळ येऊन गाडी तिथंच अडते. सिस्टीम चार वेळा पुन्हा टाकून झाली. बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावलाय. एसएसडीच खराब असेल का, बदलून आणू का, असं त्यांनी विचारलंय.

एसएसडी बदलू नका. आणि सिस्टीम पाचव्यांदा टाकूही नका.

त्याच्याही आधी एक काम करा, ते आजच करा. आत्ता जे कार्ड बोर्डात आहे ते कुठल्याही कारणानं फॉरमॅट करू नका. गेल्या काही दिवसांच्या दुधाच्या नोंदी एसएसडीवर जातायत असं तुम्हाला वाटतंय, पण त्या बहुतेक कार्डावरच आहेत. खात्री करायची असेल तर कार्ड घालून बोर्ड चालू करा आणि टर्मिनलवर 'एलएसबीएलके' ही आज्ञा द्या. (आज्ञा इथं उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरांत करा.) यादी येईल. तिच्यात 'एमएमसी-बीएलके-०' म्हणजे कार्ड आणि 'एसडीए' म्हणजे तुमची एसएसडी. ज्या ओळीच्या शेवटी नुसती एक तिरकी रेघ आहे, त्या भागावरून सिस्टीम चाललीय. ती रेघ कार्डाच्या दुसऱ्या भागापुढे दिसली, तर एसएसडी नुसती लटकलेली आहे आणि सगळा कारभार अजून कार्डावरच चाललाय. माझा अंदाज तोच आहे. पाय ४ कारखान्यातून येतो तेव्हा आधी कार्ड बघायचं, ते नसेल तर यूएसबी, हाच क्रम त्यात भरलेला असतो. म्हणजे 'कार्ड असलं की चालतं' यावरून एसएसडीबद्दल काहीच कळत नाही.

नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर काढून घ्या. मग पुढचं वाचा.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात मोलाची गोष्ट दिसली ती म्हणजे 'कधी हे होतं, कधी ते होतं'. एकच बिघाड असता तर बोर्ड दर वेळी एकाच जागी थांबला असता. तुमचा दोन वेगळ्या जागी थांबतोय, म्हणजे बिघाड दोन आहेत. एक दुरुस्त केला तरी दुसरा राहतो. मग आपल्याला वाटतं की पहिला उपाय चुकला, आणि आपण तो उलटवून बसतो. चार वेळा सिस्टीम टाकूनही हाती काही लागलं नाही, त्यामागं हेच असणार.

हा बोर्ड चालू होतो कसा ते आधी बघू, कारण थांबला कुठं हे कळलं की का थांबला हे शोधायला वेळ लागत नाही. वीज आली की पहिल्यांदा बोर्डावरच्याच एका छोट्या चिपमधला, ईईप्रॉममधला, बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) जागा होतो. तो कार्ड शोधतो, मग यूएसबीची चिप चालू करून डिस्क शोधतो. डिस्क सापडली की तिच्या पहिल्या लहान भागातून (फाइली ठेवायच्या 'फॅट' पद्धतीचा भाग, दुधाच्या फॅटशी संबंध नाही) फर्मवेअर आणि कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, उचलतो. तिथून पुढं बूटलोडरचा संबंध संपतो. आता कर्नल स्वतः, स्वतःच्या ड्रायव्हरनं, तीच डिस्क नव्यानं शोधतो आणि तिच्यावरचा दुसरा, मोठा भाग 'रूट', म्हणजे सगळ्या सिस्टीमचं मूळ, म्हणून जोडतो. म्हणजे एकाच डिस्कला दोन वेळा, दोन वेगळ्या प्रोग्रॅमना ओळख द्यावी लागते. पहिली ओळख पटली आणि दुसरी फसली, असं सर्रास होतं.

'वेटिंग फॉर रूट डिव्हाइस' ही ओळ कर्नल लिहितो. कार्ड तर बाहेर होतं. मग तो कर्नल आला कुठून? एसएसडीवरूनच. म्हणजे त्या वेळी बूटलोडरला तुमची एसएसडी दिसली होती, केस चालत होती, केबल चालत होती आणि पहिला भाग नीट वाचला गेला होता. एसएसडी बदलू नका असं मी ठामपणे म्हणतोय ते या एका ओळीच्या जोरावर. (सिस्टीम 'बुकवर्म' या आवृत्तीची किंवा त्यानंतरची असेल तर ही ओळ येत नाही. त्याऐवजी अमुक पार्टयूयूआयडी सापडत नाही असा इशारा येतो आणि कंसात 'इनिट-रॅम-एफएस' लिहिलेला एक साधा प्रॉम्प्ट दिसतो. अर्थ तोच.)

तर पहिला बिघाड: कर्नल रूटचा भाग शोधतोय, पण तो चुकीच्या पत्त्यावर. हा पत्ता पहिल्या भागातल्या 'सीएमडीलाइन डॉट टीएक्सटी' या फाइलमध्ये असतो. 'रूट=' नंतर 'पार्टयूयूआयडी=' आणि पुढं आठ अक्षरांचा एक क्रमांक, मग आडवी रेघ आणि ०२. हा क्रमांक प्रत्येक डिस्कचा वेगळा असतो. तुम्ही एसएसडीवर नवी सिस्टीम टाकली तेव्हा तिथं एसएसडीचा क्रमांक बरोबर होता. नंतर जुन्या कार्डावरच्या 'सगळ्या फाइली' कॉपी केल्या, त्यात हीही फाइल गेली. आता एसएसडीवरची फाइल कर्नलला सांगते, 'रूट त्या जुन्या कार्डावर आहे.' कार्ड तुमच्या खिशात. कर्नल वाट बघत बसतो. फाइलमध्ये 'रूटवेट' हा शब्द असतो, त्यामुळे तो कंटाळून सोडूनही देत नाही.

दुरुस्ती सोपी आहे, पण एक खड्डा आहे. कार्डावरून बोर्ड चालू करून तुम्ही बूट फोल्डरमधली ही फाइल उघडलीत, तर ती कार्डावरची फाइल असते. तिच्यात एसएसडीचा क्रमांक टाकला की चालत असलेलं कार्डही गोंधळात पडतं. मी लोकांना सांगतो, एसएसडी काढा आणि लॅपटॉपला लावा. विंडोजवर तिचा पहिला लहान भाग दिसेल. दुसरा भाग फॉरमॅट करायचा का असं विंडोज विचारेल, तिथं 'नाही' म्हणा, हात जोडून सांगतो. त्या लहान भागातली फाइल नोटपॅडमध्ये उघडा. एसएसडीचा खरा क्रमांक आधीच लिहून ठेवलेला हवा: बोर्ड कार्डावर चालू असताना आणि एसएसडी जोडलेली असताना 'सुडो बीएलकेआयडी' दिलं की एसडीए-१ आणि एसडीए-२ पुढं तो दिसतो. तो टाका. सगळं एकाच ओळीत राहू द्या, एंटर दाबू नका. ही फाइल दोन ओळींची झाली की दुसरी ओळ वाचलीच जात नाही.

एवढ्यावर काम संपत नाही. एसएसडीच्या दुसऱ्या भागात, ईटीसी फोल्डरमध्ये, 'एफएसटॅब' नावाची फाइल आहे. तिच्यातही तेच दोन क्रमांक असतात, ०१ आणि ०२ वाले. तीही कार्डावरून कॉपी झालीय. ती तशीच राहिली तर बोर्ड थोडा पुढं जाऊन 'इमर्जन्सी मोड'मध्ये अडकेल आणि तुम्हाला वाटेल की नवीनच काहीतरी बिघडलं. हा भाग विंडोजला वाचता येत नाही, त्यामुळे तो बोर्डावरच, कार्डावरून चालू करून, एखाद्या रिकाम्या फोल्डरवर जोडून दुरुस्त करायचा.

इथंच जोडून एक सांगतो, कारण बरेच जण फाइली कॉपी करण्याऐवजी कार्डाची हुबेहूब प्रत एसएसडीवर काढतात. तसं केलं तर क्रमांकाचा घोळ होत नाही, कारण दोन्हीकडे क्रमांक सारखाच होतो. पण मग कार्ड आणि एसएसडी दोन्ही एकाच वेळी लावून ठेवायची नाहीत. सारख्या क्रमांकाच्या दोन डिस्क दिसल्या की कर्नल कुठली धरेल याचा भरवसा नाही. आज सकाळच्या नोंदी एसएसडीवर, लाइट जाऊन आल्यावर संध्याकाळच्या कार्डावर, असं होऊ शकतं. बिलाच्या दिवशी एखाद्या बाईंच्या म्हशीचं तीन वेळचं दूध हिशोबातच नाही, आणि मशीन तर एकदाही बंद पडलेलं नाही. बोर्ड बंद पडलेला लगेच कळतो, हे कळत नाही. म्हणून हा बिघाड मला जास्त घातक वाटतो. प्रत काढली की कार्ड बाहेर.

आता दुसरा बिघाड, काळा पडदा. इथं कर्नलपर्यंत गोष्ट पोचतच नाही. पण 'काळा' म्हणजे नक्की कसा ते बघायला हवं. पाय ४ ला मॉनिटरसाठी दोन भोकं आहेत, त्यातल्या पॉवरच्या सॉकेटशेजारच्या भोकात केबल लावा आणि मॉनिटर आधी चालू करून मगच बोर्डाला वीज द्या. बूटलोडरला काहीच सापडलं नाही तर तो काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या अक्षरांत काही ओळी लिहितो: बूटलोडरची तारीख, शोधायचा क्रम, कार्ड उघडता आलं नाही, यूएसबीवर काय दिसलं. अनेक जण हे बघत नाहीत, कारण मॉनिटर दुसऱ्या भोकात असतो किंवा उशिरा जागा होतो. फोनवर फोटो काढून ठेवा. त्या फोटोतून जेवढं कळतं तेवढं अर्ध्या तासाच्या फोनमधून कळत नाही.

त्या पडद्यावर बूटलोडरची तारीख बघा. पाय ४ जून २०१९ मध्ये आला तेव्हा त्याला यूएसबीवरून बूट होताच येत नव्हतं. ती सोय २०२० मध्ये आली, मे महिन्यात चाचणीसाठी आणि सप्टेंबरमध्ये पक्की. तुमच्या बोर्डानं एकदा तरी एसएसडीवरून कर्नल उचललाय, त्यामुळे तुमचा बूटलोडर त्याआधीचा नाही हे नक्की. तरी नवा करून घ्या. कार्डावरून चालू करून 'सुडो आरपीआय-ईईप्रॉम-अपडेट' पुढं 'उणे ए' द्या आणि रीबूट करा. जुना, कुणाकडून घेतलेला बोर्ड असेल आणि तो काहीच दाखवत नसेल, तर लॅपटॉपवरच्या रास्पबेरी पाय इमेजरमधून बूटलोडर दुरुस्त करणारं छोटं कार्ड तयार करता येतं. ते घालून वीज दिली की काम झाल्यावर मॉनिटर हिरवा होतो आणि हिरवा दिवा भराभर लुकलुकत राहतो.

क्रमाबद्दल. पडद्यावर 'ऑर्डर'पुढं एफ४१ असं काही दिसेल. हा आकडा उजवीकडून डावीकडे वाचायचा. १ म्हणजे कार्ड, ४ म्हणजे यूएसबी डिस्क, एफ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू. यूएसबी आधी हवं म्हणून अनेक जण तो एफ१४ करतात. दूध संस्थेसारख्या ठिकाणी मी तसं करत नाही, एफ४१ च ठेवतो. भोकात कार्ड नसेल तर बूटलोडर तिथं फारसा वेळ न घालवता एसएसडीकडे वळतो, म्हणजे नुकसान काही नाही. फायदा मात्र मोठा आहे. उद्या एसएसडी रुसली आणि मी कोल्हापुरात असलो, तर संस्थेच्या सचिवांना फोनवर एवढंच सांगता येतं: 'खणातलं लाल चिकटपट्टीचं कार्ड घाला आणि बटण चालू करा.' बाहेर लोक किटल्या घेऊन उभे असतात, तेव्हा याहून अवघड सूचना देता येत नाही.

आता मूळ मुद्दा. कधी डिस्क दिसते, कधी दिसत नाही. सॉफ्टवेअर असं वागत नाही. कधी चालणं आणि कधी न चालणं आलं की मी आधी वीज बघतो, मग केबल, मग केस.

तुम्ही मोबाइलचा चार्जर लिहिलाय. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअर लागतात. चार्जरवर मोठ्या अक्षरांत ३३ वॉट किंवा ६५ वॉट लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तो आकडा ९, ११ किंवा २० व्होल्टवरचा असतो, तोही फोननं तशी मागणी केली तर. पाय ४ अशी मागणी करत नाही, त्याला फक्त ५ व्होल्टच मिळतात. चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत '५ व्होल्ट' लिहिलेली ओळ शोधा, तिच्यापुढं बहुतेक २ अँपिअर सापडेल. कंपनीचा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्ट देतो. तो वरचा ०.१ उगाच दिलेला नाही, केबलमध्ये होणारी घट धरून दिलाय.

घट किती होते हे मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो. एका फाउंड्रीत भट्टीचं तापमान नोंदवायला पाय ४ बसवला होता, असाच एसएसडीवर. माझ्या टेबलावर पन्नास वेळा चालू-बंद केला, एकदाही चुकला नाही. तिकडे मात्र सकाळी पाळी सुरू होताना चालू व्हायचा नाही, आणि दुपारी मी जाऊन बघितलं की व्हायचा. मी केस बदलली, एसएसडी बदलली, शेवटी बोर्डही बदलला. तीन फेऱ्या झाल्या. कारण निघालं दोन मीटरची बारीक तारेची केबल. पॅनेलची पेटी लांब होती म्हणून कुणीतरी ती लावली होती. सकाळी मोठी यंत्रं एकदम सुरू झाली की लाइनचा दाब खाली यायचा, त्याच क्षणी एसएसडी आणि बोर्ड दोघंही वीज ओढायचे, आणि उरलेले व्होल्ट त्या केबलमध्येच मरायचे. अर्धा मीटरची जाड केबल आणि चांगला अडॅप्टर लावला. बोर्ड आजही चालतोय. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी किंवा कारखान्यात गेलो की माझा स्वतःचा अडॅप्टर पिशवीत नेतो आणि पहिल्यांदा तोच लावून बघतो.

तुम्हाला घरबसल्या तपासता येईल अशी खूण आहे. बोर्ड चालू असताना 'व्हीसीजेनसीएमडी', जागा, 'गेट अंडरस्कोर थ्रॉटल्ड' द्या. उत्तर नुसतं ०एक्स० आलं तर वीज ठीक होती. ०एक्स५०००० आलं तर चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्ट कमी पडले होते आणि बोर्डाला आपला वेग कमी करावा लागला होता. ०एक्स५०००५ आलं तर या क्षणीही तेच चाललंय. ही नोंद साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की होते. मल्टिमीटर असेल तर बोर्डावरच्या पिनांच्या रांगेत चौथी आणि सहावी पिन यांच्यात व्होल्ट मोजा, पण हात स्थिर ठेवा. शेजारीच ३.३ व्होल्टची पहिली पिन आहे, तिला चुकून ५ व्होल्ट लागले तर बोर्ड कायमचा जातो. भीती वाटत असेल तर मोजू नका, वरची आज्ञा पुरेशी आहे.

अडॅप्टर चांगला असला तरी दुसरी एक मर्यादा आहे. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात. प्रत्येकी तेवढे मिळत नाहीत, सगळ्यांना मिळून तेवढेच. तुमच्याकडे एसएसडी, काट्याचा कन्व्हर्टर, फॅट मशीनचा कन्व्हर्टर, कीबोर्ड आणि बहुधा पेनड्राइव्हही आहे. एसएसडीला चालू होताना जो झटका लागतो तो चालत असतानाच्या भुकेपेक्षा मोठा असतो. तबकडीची पोर्टेबल हार्डडिस्क असेल तर तबकडी फिरायला लागताना एकटीच १ अँपिअरच्या आसपास जाते. म्हणून आज संध्याकाळचं संकलन झालं की सगळं काढा. फक्त एसएसडी आणि मॉनिटर ठेवा, कार्ड बाहेर. दहा वेळा वीज बंद करून, दहा-पंधरा सेकंद थांबून चालू करा. दहाच्या दहा वेळा एसएसडी सापडली, आणि बाकीची साधनं लावल्यावर पुन्हा चुकायला लागली, तर उत्तर मिळालं.

तसं निघालं तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या. फक्त एक पाहा. काही स्वस्त हब उलट बाजूनं बोर्डालाच वीज ढकलतात. बोर्डाचा अडॅप्टर काढला तरी लाल दिवा पेटलेला राहिला, तर तो हब परत करा. अशा हबमुळे बोर्ड धड बंद होत नाही आणि पुढच्या वेळी धड चालूही होत नाही.

केबल आणि केस. दूध संस्थेची खोली दिवसातून दोनदा धुतली जाते, आणि आपल्याकडचा पावसाळा सांगायला नको. निळ्या पोर्टातल्या जादा पाच बारीक पट्ट्या आणि केबलचं टोक यांवर काळपट थर चढतो. मग तीच डिस्क कधी यूएसबी ३ म्हणून, कधी यूएसबी २ म्हणून, तर कधी अजिबात न दिसणारी अशी वागते. एसएसडी एकदा काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या, पोर्टात लावून बघा. काळ्यात दर वेळी चालली आणि निळ्यात अडखळली, तर केबल किंवा केस यांच्यावर संशय घ्या. आधी केबल बदला, ती स्वस्त आहे. घाई असेल तर काळ्या पोर्टावरच राहू द्या. वेग कमी मिळेल, पण दुधाच्या नोंदींना वेगाचं काय काम!

केसमधली चिप हा सगळ्यात चिवट प्रकार. एसएसडी साटाची भाषा बोलते आणि बोर्ड यूएसबीची. मधे दुभाषा म्हणून केसमध्ये एक चिप असते. लिनक्स तिच्याशी 'यूएएस' या वेगवान पद्धतीनं बोलायला जातो, आणि काही चिपा 'मला येतं' म्हणून सांगतात पण मधेच गोंधळतात. बूटलोडर यूएएस वापरत नाही, म्हणून हा बिघाड कर्नल आल्यावरच दिसतो. सिस्टीम चालू होता होता अडकते, किंवा चालू झाल्यावर तासाभरानं अर्धा मिनिट थिजते, पुन्हा चालते. 'डीएमईएसजी' या आज्ञेच्या उत्तरात 'यूएएस ईएच ॲबॉर्ट' किंवा 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस' अशा ओळी दिसल्या की ओळखायचं. उपाय असा: 'एलएसयूएसबी' देऊन केसपुढचा क्रमांक लिहून घ्या. चार अक्षरं, दोन टिंबं, चार अक्षरं असा तो असतो. जेमायक्रॉनच्या चिपा १५२डी नं सुरू होतात, एएसमीडियाच्या १७४सी नं. मग सीएमडीलाइनच्या त्याच एका ओळीच्या सुरुवातीला 'यूएसबी-स्टोरेज डॉट क्वर्क्स=' लिहून हा क्रमांक, पुढं दोन टिंबं आणि 'यू', आणि मग जागा सोडून बाकीची ओळ. यानं ती केस जुन्या, सरळ पद्धतीनं चालते. वेग थोडा जातो, थिजणं थांबतं. तुमच्या केसला हे लागेलच असं नाही. ओळी दिसल्या तरच करा.

एक शक्यता राहते. वीज चांगली, केबल नवी, तरी गावातली लाइट जाऊन आल्यावर पहिल्या वेळी डिस्क दिसत नाही आणि नंतर रीबूट केलं की दिसते. काही केस वीज आल्यावर जाग्या व्हायलाच वेळ घेतात. 'सुडो आरपीआय-ईईप्रॉम-कॉन्फिग' पुढं दोन आडव्या रेघा आणि 'एडिट' देऊन 'यूएसबी अंडरस्कोर एमएसडी अंडरस्कोर स्टार्टअप अंडरस्कोर डिले=५०००' अशी मोठ्या अक्षरांत ओळ घाला. आकडा मिलिसेकंदांत आहे, म्हणजे बूटलोडर पाच सेकंद दम धरेल आणि मग डिस्क विचारेल. हा उपाय शेवटी ठेवा. व्होल्ट कमी असताना यानं कधी कधी काम भागतं आणि खरा रोग झाकला जातो.

तुमचा बोर्ड दुसरा असता तर काय, तेही थोडक्यात. पाय ३ बी ला यूएसबी बूटसाठी एकदाच चिपमध्ये एक खूण जाळावी लागते, ती नंतर पुसता येत नाही. ३ बी प्लसला ती आधीच असते. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर ओळखू आला नाही तर तो यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि यूएसबीवरून आपोआप बूट व्हायला नकार देतो. पॉवरचं बटण दाबल्यावरच पुढं जातो. पाय ४ चा जुना अडॅप्टर लावून पाय ५ एसएसडीवर उठवायला बघणाऱ्यांची अर्धी रडकथा तिथंच असते.

आणि यातलं काहीही केलं तरी केस ऐकायला तयार नसेल, तर अडून बसू नका. कार्ड आत ठेवा, पण त्यावर फक्त पहिला लहान भाग वापरा आणि सीएमडीलाइनमध्ये रूटचा क्रमांक एसएसडीचा द्या. कार्ड चालू होताना वाचलं जातं, नंतर त्यावर लिहिलं जवळजवळ जात नाही. कार्डं मरतात ती सतत लिहिण्यामुळं आणि लिहिता लिहिता लाइट जाण्यामुळं, तेव्हा असं कार्ड टिकतं. दोन ठिकाणी मी मुद्दाम अशीच मांडणी ठेवलीय.

लाइट जाण्यावरून आठवलं, एसएसडी लावली म्हणजे तो धोका गेला असं धरून चालू नका. स्वस्त एसएसडीलाही लिहिता लिहिता वीज तुटलेली सोसत नाही. बोर्डाला ५ व्होल्ट ३ अँपिअर देणारा छोटा यूपीएस बसवा. राउटरचे जे मिळतात ते बहुतेक १२ व्होल्टचे असतात, ते थेट लावू नका. पेटी भिंतीवर छातीच्या उंचीला ठोका, धुण्याचं पाणी उडणार नाही अशी. रोज संध्याकाळचं संकलन संपल्यावर नोंदींची प्रत पेनड्राइव्हवर आपोआप जाईल एवढी सोय करा.

तर क्रम असा धरा. आधी नोंदींची प्रत. मग ३ अँपिअरचा अडॅप्टर आणि आखूड जाड केबल, कारण ते बदलल्याशिवाय पुढच्या कुठल्याच चाचणीवर विश्वास ठेवता येत नाही. त्यानंतर सीएमडीलाइन आणि एफएसटॅबमधले क्रमांक. मग सगळी साधनं काढून दहा वेळा चालू-बंद, आणि सगळी लावून पुन्हा दहा वेळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. सकाळच्या संकलनाच्या आधी हात लावू नका, दुपारी करा. काही अडलं तर तुमच्या जुन्या कार्डावर बोर्ड नेहमीसारखा चालतो, संध्याकाळचं दूध थांबत नाही.

अकराव्या वेळी चुकला तर पडद्याचा फोटो, अडॅप्टरच्या पाठीचा फोटो आणि थ्रॉटल्डचं उत्तर, एवढ्या तीन गोष्टी मला पाठवा.